जयवंतीच्या सासूची गाणी

३ फेब्रुवारी २०२५

फसवलं बाईनं मला. मला — जिनं उभा जन्म पोरींच्या कॉप्या पकडल्या!

नवापूरची जयवंती दोन महिने माझ्या फोनमध्ये हळदीची गाणी गातेय. ‘माज्या सासूची हायत, बाई. लई जुनी.’ लोकगीतं जमवणाऱ्या पालघरच्या मंडळाला मी लिहूनही दिलं — शंभर वर्षांपूर्वीची पारंपरिक गीते. आज मेथी निवडताना पुन्हा ऐकलं. नवरी दर्यावरच्या बापाला सांगते, उंच चिमणीचा लाल दिवा धरून घरी ये. ही चिमणी अणुवीज केंद्राची. ती उभी राहिली तेव्हा मी शाळेत जात होते! इथली प्रत्येक होडी तोच दिवा धरून किनाऱ्याला लागते, म्हणून कुणाला खटकलं नाही. मलाही नाही, हे जास्त झोंबतं.

४ फेब्रुवारी

नवापूरला गेले. जयवंती बोंबील वाळत घालत होती. सरळ विचारलं. हात थांबले तिचे.

‘मीच बांदली. सगली.’

‘मग सासूचं नाव कशाला?’

‘मी रांडाव, बाई. तरणीताठी व्हते तवाच नवरा दर्यात गेला. माज्या गान्यावर कोन नवरीला हलद लावंल? सासू कुकवानिशी गेली. तिचं चालतं.’

रविवारी तिच्या नातीची, स्वातीची, हळद आहे. ‘तुमी बोललात तर बायकांना गाता यायचं नाय. मंग माजं काय रायलं?’

खोटारडी म्हटलं तिला. वर तिचाच चहा पिऊन आले.

६ फेब्रुवारी

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या — खोटं ते खोटं. सिस्टरांना हळदीचं आवतण कधी येत नव्हतं.

चोर दुसऱ्याचं आपलं म्हणून मिरवतो. हिनं आपलं दुसरीला देऊन टाकलं. याला काय म्हणायचं? नवरा गेला म्हणून बाईचा गळाही जायला हवा, हे कुणी ठरवलं? रागवायचं होतं ते यावर. रागावले जयवंतीवर.

७ फेब्रुवारी

मंडळाच्या कमलाकांतना फोन. ‘त्यातलं शंभर वर्षं काढा.’

‘मॅडम, मग राहिलं काय? जुनी म्हणून तर घेतली.’

गाणी परत घेतली. कारण सांगितलं नाही. ते माझ्या वयाविषयी काहीतरी पुटपुटले.

९ फेब्रुवारी

स्वातीची हळद. बायका सासूचं नाव घेऊन गात होत्या. जयवंती दाराआड, नुसते ओठ हलत होते. मला बघवेना. शेजारी गावातली सगळ्यांत म्हातारी इंदुबाई. तिला मुद्दामच डिवचलं — ‘कसा होता हो हिच्या सासूचा आवाज?’

‘आवाज? जनमाची मुकी व्हती ती. सगल्या गावाला ठाव हाय, बाय. बोलायचं नस्तं, येवडंच. टाली वाजव.’