एक छेद दोनच्या पुढे

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की दीक्षितपुऱ्यात तुमचं घर कोणतं, हे सांगणारंही आता कोणी उरलं नाही. मला मात्र तुमचं स्वयंपाकघर लख्ख दिसतं. कॉलेजात तुम्ही फिजिक्स हिंदीतून शिकवायच्या आणि संध्याकाळी कणीक मळता मळता तेच मला मराठीतून समजावायच्या. मी पाटावर बसले आहे, मांडीवर कागद. तीन आणि सहा मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेत, एकूण किती? मी पटकन "नऊ" म्हणते. तुम्ही पिठाच्या हातांनीच माझ्याकडे वळता. "घाई काहून करून राहिली? सिरीजमध्ये सरळ बेरीज नसते. आधी दोघांना उलटं कर. एक छेद तीन, एक छेद सहा. ते मिळव, आणि जे येईल ते परत उलटं कर. एकूण नेहमी सगळ्यात लहानापेक्षाही लहान येतं. नाही आलं तर समज, चुकलं." उत्तर दोन आलं, तेव्हा तव्यावरची पहिली पोळी तूप लावून तुम्ही माझ्या ताटात टाकली. पुढे नोकरीच्या मुलाखतीला जाताना आपला निळा स्वेटरही मलाच घातला.

मग मीही सदर बाजारातल्या एका शाळेत आयुष्यभर तेच शिकवलं. यंदा थंडीत बारावीच्या वर्गात हेच गणित फळ्यावर घेतलं. एक छेद तीन अधिक एक छेद सहा, बरोबर एक छेद दोन. इथवर हात आपोआप गेला आणि थांबला. पुढे काहीतरी करायचं असतं, एवढंच कळत होतं. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, उल्टा करना है ना?" मी "हां बेटा, तुम्हीं कर दो" म्हणत खडू तिच्या हातात दिला. वर्गाला वाटलं, मी मुद्दामच थांबले.

त्यानंतर असं होतच गेलं. एकदा ऑटोवाल्या भैयाला घरचा पत्ताच सांगता येईना. डॉक्टरांकडे एकटीच गेले. तपासण्या पाहून ते म्हणाले, "दवा से थोड़ा धीमा होगा, रुकेगा नहीं." विसरलेलं परत येतं का, असं विचारलं, तर ते गोळ्यांची चिठ्ठी लिहू लागले. मी नोकरी सोडली. हे म्हणाले, "चलो, बरं झालं, गुडघ्यांना आराम." मुलगा फोनवर म्हणतो, "मम्मी, अब आप बस घूमो."

रोज सकाळी मी कागदावर ते गणित मांडते. कधी सुटतं. कधी एक छेद दोनपाशीच चहा गार होतो. तुम्ही असत्या तर रागावल्या असत्या, आणि त्या रागावण्याचाही काही उपयोग झाला नसता.

हे कुठे पाठवायचं नाहीये, बाई. गुडघ्यांचं कारण मीच घरी सांगितलं होतं. खरं अजून कोणालाच सांगितलेलं नाही. कसं सांगावं ते कळत नाही; आणि थोड्या दिवसांनी, सांगायचं काय होतं, तेही माझ्यापाशी राहणार नाही.