ती धूळ अरबस्तानातली

बोरमाळ, ता. खेड
१२ मार्च २०२५

चि. तनुजास,
मारुतकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून तुझ्या सोसायटीतले हसतील. पण माझे कान फोर्जिंगच्या घणानं कंपनीतच ठेवून घेतले, निवृत्त झालो तरी परत दिले नाहीत. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हं हं करतो. मोबाईलवर लिहावं म्हटलं तर माझं बोट एका दाबात तीन अक्षरं धरतं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

काकूचा खोकला तसाच आहे. खडीचा क्रशर सुरू झाल्यापासून तिनं अंगणात वाळवण घालणं सोडलंय. यंदाच्या कुरडया माडीवर, खिडक्या लावून वाळवल्या. तरी खाताना दाताखाली कचकच लागतेच. तुझ्यासाठी डबा भरून ठेवलाय, घाबरू नकोस, तो नीट निवडलेला आहे.

मुद्द्याचं लिहितो. क्रशरवाल्यांना आता जोगटेकडीची आपल्या बाजूची उतरण पाहिजे. जागा गायरानाची, म्हणून ग्रामसभेचा ठराव लागतो. तो एक मेच्या सभेत यायचा आहे. माझी झाडं त्याच उतरणीवर आहेत हे तुला सांगायला नको. नाइट शिफ्ट सुटली की मी घरी न येता टेकडीवर जायचो आणि सुट्टी असली की तू माझ्या एम-एटी गाडीच्या मागं पाण्याचा कॅन धरून बसायचीस. काकू म्हणायची, माझी सवत टेकडीवर राहते. आज त्या करंजांच्या सावलीत अख्खी बैलजोडी बसते.

रोहिदासचे डंपर त्याच क्रशरला लागलेत. पोटचा पोरगा, त्याच्याशी सभेत काय भांडू? भांडलो तरी तो उलट काय बोलला ते मला ऐकू येणार नाही. तुझं मात्र गाव ऐकेल. तू पावसाचा अभ्यास करतेस. तू येऊन एवढंच सांग की झाडं गेली आणि धूळ उडाली की पाऊस जातो. आमची माणसं कोर्टाला भीत नाहीत, पण पावसाला भितात.

तुझी वाट बघतोय. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
मारुतकाका

सांगवी
२४ मार्च २०२५

ती. स्व. काकांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं, आनंद झाला. मी येणार, त्यात प्रश्नच नाही. आईबाबा गेल्यावर मला माहेर म्हणून तुमचंच दार आहे आणि त्या झाडांना मीही पाणी घातलंय.

पण तुम्ही म्हणता तेवढं वाक्य मला म्हणता यायचं नाही, काका. रागावू नका, समजून घ्या. आम्ही जुन्या तळ्यांच्या तळाचा गाळ नळीनं उभा काढतो. एकावर एक थर असतात, हजारो वर्षांचे. एखाद्या थरात झाडांचे परागकण भरपूर, दुसऱ्यात ते कमी आणि धूळ जास्त. पाऊस हटला की झाडोरा विरळ होतो, जमीन उघडी पडते, धूळ उठते. उलट झाडं असली की ती ओल पुन्हा हवेत सोडतात आणि पावसाला हातभार लावतात. हे सगळं खरं आहे. पण ते मुलखाच्या मुलखाचं आणि पिढ्यान् पिढ्यांचं गणित आहे.

त्यातून धूळ सगळी सारखी नसते. कोळशाचा आणि गाड्यांचा धूर ऊन अडवतो, जमीन पुरेशी तापत नाही आणि पावसाचे वारे मंदावतात. पण अरबस्तानच्या वाळवंटातली धूळ समुद्रावर तरंगते, ऊन शोषून तिथली हवा तापवते, आणि दमट वारे आपल्याकडे अधिक जोरानं ओढले जातात. म्हणजे ती धूळ काही दिवस पाऊस वाढवते. आता सांगा, एका क्रशरमुळे बोरमाळचा पाऊस जाईल असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? मी विहिरींचं सांगेन, मातीचं सांगेन, काकूच्या छातीचं सांगेन. तेवढं पुरे व्हायला हवं.

काकूला म्हणावं, कुरडया कचकचीत असल्या तरी चालतील. माझ्यावर माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
तनुजा

बोरमाळ
८ एप्रिल २०२५

चि. तनुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. काकूला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, पोरगी एवढी शिकली पण बापासारखीच वाकड्यात शिरते. छातीला कोण भितंय, तनू? गावात सगळेच खोकतात, त्यामुळे खोकल्याचं कुणाला काही वाटत नाही. असो. तुझं जे खरं असेल ते सांग. खोटं बोल असं मी कधी म्हणणार नाही. फक्त थोडक्यात सांग, आमच्याकडे लांबण लागली की माणसं तंबाखू मळायला लागतात.

मला पहिल्या रांगेत खुर्ची ठेवणार आहेत. ऐकू आलं नाही तरी तुझ्या तोंडाकडे आणि गावाच्या हाताकडे बघून मला कळेल. काकूनं तुझ्या ओटीसाठी हिरवं लुगडं आणलंय, नेसत नाहीस म्हणून नाक मुरडू नकोस. सांभाळून ये.

तुझा,
मारुतकाका

बोरमाळ
२ मे २०२५

चि. तनुजास,
अनेक अनेक आशीर्वाद.

रात्रभर झोप नाही, आनंदानं. तू बोलत होतीस तेव्हा एकानंही तंबाखू मळली नाही. मधे रोहिदास उठून काही बोलला, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पण तू त्याला एका शब्दात गप्प केलंस. सगळी सभा टाळ्या वाजवायला लागली. मीही वाजवल्या, तळहात लाल झाले. मग टेकडी द्यायची नाही म्हणून हात वर झाले, सगळ्यांचे. रोहिदाससुद्धा. माझ्या शेजारच्यानं माझा दंड धरायच्या आधीच मी हात वर केला होता. पोरगा शेवटी बापाच्या बाजूनं आला, हे बघायला मिळालं.

तू शाल-नारळ घेऊन लगेच बस गाठलीस, जेवलीही नाहीस. काकू सकाळपासून गप्प आहे. तू पुरणपोळी न खाता गेलीस म्हणून असेल. मी आज पहाटे टेकडीवर जाऊन झाडांना सांगून आलो. वेड लागलंय म्हण.

आज काही मागत नाही. सगळं मिळालं.

तुझा,
मारुतकाका

सांगवी
७ मे २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मला वाटत होतं, तुम्हाला घरी गेल्यावर कुणीतरी सांगितलं असेल. काकू पुरणपोळीसाठी गप्प नाही, काका.

मी विहिरींचं आणि मातीचं सांगितलं, माणसं ऐकत होती. मग पाऊस किती गुंतागुंतीचा असतो हे समजावं म्हणून उदाहरण द्यायची मला बुद्धी झाली आणि मी अरबस्तानची धूळ काढली. रोहिदास उठला. ताई, बाकीचं ऱ्हाऊ दे, धुळीनं पाऊस वाढतो का, व्हय का न्हाई एवढंच सांग, असं म्हणाला. मी हो म्हटलं. पण ती धूळ अरबस्तानातली, आपल्या खडीची नव्हे, हे पुढे म्हणाले. ते टाळ्यांत गेलं. टाळ्या थांबेपर्यंत सरपंचांनी माईक काढून घेतला आणि माझे आभार मानले. लगेच क्रशरचा ठराव मांडला. तुम्ही ज्याला हात वर केलात तो टेकडी देण्याचा ठराव होता.

मी व्यासपीठावरून तुम्हाला बघत होते. तुमचा हात सगळ्यात आधी वर गेला. तो बघून जे दोघं-तिघं हात खाली धरून बसले होते त्यांनीही वर केले. खाली उतरून तुमच्या कानाशी ओरडायला हवं होतं. पण तुमचा चेहरा असा उजळला होता की माझ्याच्यानं झालं नाही. बस पुढे चाकणच्या चौकात तासभर अडकली आणि मी भर गर्दीत रडत बसले.

मी तहसीलला आणि प्रदूषणवाल्यांना लिहिलं आहे. काय होईल माहीत नाही. माझं तोंड बघावंसं वाटलं तर कळवा.

तुमची,
तनुजा

बोरमाळ
८ जून २०२५

ती. तनुताईस,
रोहिदासचा सा. न.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून आबांसारखा कागद हातात घेतला. तुझी तक्रार तहसीलला पोहोचली. साहेबांनी ग्रामसभेचा ठराव दाखवला, त्याच्या हजेरीत आबांची सहीपण आहे. आता काय बोलतेस?

पाऊस बघितलास ना? मे महिन्यातच धो धो आला. ओढे फुटले, लोकांचे कांदे चाळीत जायच्या आधी भिजले. तरी गाव खूश आहे. सगळे म्हणतात, मारुतरावाची पुतणी बोलली तसंच झालं. क्रशरच्या शेठनं नाक्यावर मोठा फ्लेक्स लावलाय, तुझ्या ऑफिसच्या साइटवरचा फोटो घेऊन. खाली लिहिलंय, धुळीनं पाऊस वाढतो, सांगतेय आपल्याच गावची कन्या. तू खोटं बोलली नव्हतीस, आम्हीही खोटं छापलेलं नाही.

तू मला गुन्हेगार समजतेस. समज. कंपन्या आल्या तेव्हा आपल्या पोरांना कॉन्ट्रॅक्टवर घेतलं आणि पर्मनंट करायची वेळ आली की घरी पाठवलं. मीही त्यातलाच. डंपर घेतला तेव्हा कुठं लग्नाची बोलणी सुरू झाली. आणि सांगवीत तू राहतेस तो टॉवर काय परागकणांवर उभा आहे? त्याची खडी अशाच कुणाच्यातरी टेकडीची आहे. ती टेकडी गेली तेव्हा तू कुठल्या सभेला गेली नव्हतीस.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. मी बोललेलं त्यांना ऐकू येत नव्हतंच, त्यामुळे घरात फार फरक पडलेला नाही. आईला वाफेचं मशीन आणून दिलंय. भाऊबीजेला येशील ना, एवढंच विचारतो.

तुझा भाऊ,
रोहिदास

बोरमाळ
१४ सप्टेंबर २०२५

चि. तनुजास,
आशीर्वाद.

एवढे महिने लिहिलं नाही. पेन घेऊन बसायचो आणि उठायचो. तुझ्यावर राग होता, आता निम्मा उरलाय. बाकीचा निम्मा माझ्या हातावर आहे. गावात कुणी भेटलं की आधी त्या हाताची आठवण काढतं. मारुतराव मोठ्या मनाचे, स्वतःची झाडं असून पहिला हात त्यांचा, असं चारचौघांत सांगतात. मी ऐकू आलं नाही असं दाखवतो.

करंज गेले. बहावे फुलावर असतानाच गेले. खैर तेवढे कडेला आहेत, तेही जातील. सुरुंगाच्या आधी भोंगा होतो, तो मला ऐकू येत नाही म्हणून रोहिदासनं मला टेकडीवर जायला बंदी केलीय. सुरुंग मात्र मला पायांतून कळतो. ओसरीवर बसलेलो असलो तरी कळतो.

पाऊस खरंच चांगला झाला. तू म्हणाली होतीस, एका क्रशरनं पाऊस जात नाही. गेला नाही. फक्त तो आता उतरणीवर थांबत नाही, सरळ खाली येतो. आमच्या विहिरीचं पाणी दुधासारखं पांढरं झालंय. काकू गाळून घेते, तरी भांड्याच्या तळाला बसतंच. तू खरं बोललीस हे मला पटलंय, तनू, आणि तेच मला सोसत नाही. खोटं बोलली असतीस तर निदान भांडता आलं असतं.

आता टेकडी नाही, म्हणून सकाळी नाक्यापर्यंत चालत जातो. तिथं तुझा फ्लेक्स आहे. डंपर जाऊन जाऊन तुझ्या तोंडावर धुळीचा थर बसतो. पोरीचं तोंड असं रस्त्यावर मळलेलं बघवत नाही, म्हणून ओला फडका घेऊन जातो आणि तेवढं पुसतो. चहावाल्याला वाटतं, म्हाताऱ्याला पुतणीचं कौतुक. खालच्या अक्षरांना मी हात लावत नाही. ती धुळीनं झाकली जावीत म्हणून तशीच सोडतो. पण सांगितलं ना, यंदा पाऊस चांगला आहे. रात्रीतून पडतो आणि सकाळी अक्षरं पुन्हा स्वच्छ होतात.

भाऊबीजेला ये. काकूला तुला बघायचंय. नाक्यावर उतरू नकोस, अलीकडच्या थांब्यावर उतर, मी घ्यायला येतो.

तुझा,
मारुतकाका