संगीची खाकी वही

३ जाने. २०१२, उलवे
बाचं परत तेच. फोन लावला की तेच. पोरीला गावी धाड, मायला दिसत नाही, शेरडं कोण वळील. आणि शेवटी ठरलेलं, "तुला कुठं आली शाळा, तवा तिला येईल?" मला काहून आली नाही ते बानंच सांगावं. मुकादमाची गाडी भरली की आम्ही निघायचो. नव्या शाळेत विचारायचे काय येतं, मी घाबरून गप. बसवा पहिलीत. पहिली तीनदा केली मी. तिसऱ्या खेपेला बारकी पोरं मामा म्हणायला लागली, सोडली.
संगीचं तसं नाही होऊ देणार. म्हणून तर नऊ वर्षांची बहीण सोबत आणली. इथं बांधकामाच्या टोळीत आत्या आहे, सांभाळते.

५ जाने. गुरु.
अर्ध्या दिवसाचा खाडा करून शाळेत गेलो. म्हात्रे सर इथल्याच करंजाचे, तोंडाचे तिखट. मुंबईच्या कॉलेजातल्या एक मॅडम दर गुरुवारी येतात, आमची पोरं कशी शिकतात त्याचा अभ्यास करायला. आधी दोघांचं जमत नव्हतं म्हणे. मॅडमनी छापील प्रश्न आणले तर सर म्हणाले, "तुमी गुरुवारी येता, मी रोज येतो. ह्यांना गोण्या मोजायला सांगा, मग बघा." तेव्हापासून मॅडम खुर्ची सोडून सतरंजीवर.
आता दोघं मिळून प्रत्येक पोराची खाकी वही करतात. काय येतं, कुठं अडतं. एका बाजूला सरांचं अक्षर, एका बाजूला मॅडमचं. टोळी उठली की वही पोराच्या दप्तरात. पुढच्या शाळेनं तिथून पुढं धरायचं.
हे माझ्या वेळी असतं तर
वही अभ्यासाला न्यायची तर मॅडमना घरच्यांची सही पाहिजे. छापील कागद. उद्या देतो म्हणालो, पेटीत ठेवला. बानं एकदा मुकादमाच्या कागदावर न वाचता अंगठा दिला होता, दिवाळीलासुद्धा घरी सोडलं नव्हतं.

१२ जाने. गुरु.
बाकीच्यांच्या वह्या मॅडमनी नेल्या, झेरॉक्स काढून परत आणल्या. संगीची राहिली, माझ्या सहीवाचून. सर म्हणाले, "अरे सही मागतो, किडनी नाय." हसलो. दिली नाही.
संगी सांगते, चुकलं तरी मॅडम लिहून घेतात. मग का चुकलं त्यावर सर आणि मॅडम भांडतात. मग परत तिलाच विचारतात.

१८ जाने.
हजेरी लिहून लिहून हात वळला, पण छापील लांब वाक्यं मला लागत नाहीत. कागद संगीकडूनच वाचून घेतला. बोट ठेवून, अडत अडत, पण सगळा. माझ्याकडं बघत नव्हती, मला वाईट वाटू नये म्हणून. शेवटी लिहिलंय, कधीही नको वाटलं तर नाव काढून घेता येईल. बाच्या कागदात असं नसणार. सही केली.

१९ जाने. गुरु.
कागद दिला. मॅडम वही घेऊन गेल्या. पुढच्या गुरुवारी झेंडावंदन, म्हणून २ तारखेला आणणार.

२४ जाने.
स्लॅब संपला. मुकादम म्हणतो उद्या गाडी, चाकणला. म्हणालो आठवड्यानं मागून येतो, बहिणीची वही यायची आहे. "ये की. तुझ्या जागी दुसरा असंल." सगळे हसले.
सरांनी पान फाडून चिठ्ठी लिहून दिली, संगीला काय येतं त्याची. संगीच्या डोक्यावर हात ठेवला. माझा नंबर लिहून घेतला. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं.

३० जाने. चाकण
शाळेत नेलं. बाई वाईट नाहीत, पोरं लई आणि त्या एकट्या. विचारलं, काय येतं गं? संगी खाली बघून गप. माझीच बहीण. चिठ्ठी दिली. "चिठ्ठीवरून कसं घेऊ भाऊ? बसू दे पहिलीत, मग बघू."
बसली. बारकी पोरं सरकून जागा देत होती.

३ फेब्रु.
सरांचा फोन. वही आली, पत्ता सांग. काय सांगू? पाण्याच्या टाकीमागं, पत्र्याच्या खोल्या. सर म्हणाले, "पोस्टमन नाय येणार रे तिथं."
बाला आत्याकडून कळलं. "पहिलीतच ना? मंगळवारी तिथनं गाववाले निघतायत, दे लावून." बघतो म्हणालो.
संगीनं विचारलं, "दादा, वही नाही आली तर मी इसरून जाईन का?"
नाही म्हणालो. तीनदा शिकून मी किती विसरलो ते सांगितलं नाही.

५ फेब्रु. रवि.
उद्या खाडा. पहिली एस्टी धरून पनवेल, तिथून उलवे. वही आणली तरी बाई उघडतील का, माहीत नाही. नाही उघडली तर मंगळवारी संगीला
ती दप्तर भरून बसलीय. शाळेचं की गावचं, विचारलं नाही.
मायच्या डोळ्याच्या औषधाला दर महिन्याला पंधराशे धाडतो. खाड्याला आणि गाडीभाड्याला चारशे काढून ठेवले. बाला कारण कळवणार नाही. गाववाल्यांच्या हाती देतोय, रु. ११००.