खांबाला काय शिकवावं?

थोरल्या साडूभाऊंना धाकट्या साडूचा वाकून नमस्कार (कंबरेला पट्टा असल्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढाच, उरलेला पोचला असं समजावं). इकडे सगळं ठीक. तुमची मेहुणी ठणठणीत, सासूबाई तिच्याहून ठणठणीत, आणि मी आहे तसा आहे. तुमच्या पोटाचं काय म्हणणं आहे? ताईंच्या टाचेला उतार पडला का? चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक दिसतं ना (तुम्हाला, गिऱ्हाइकाला दिसत नसणारच, म्हणून तर ते येतं)?

आता मुद्द्यावर येतो. शनिवारी आपल्या दोघांच्या संघांचा मोसमातला शेवटचा सामना. मोसमाच्या सुरुवातीला तुमच्या गॅलरीत, आवाज खाली आणून, आपण जे ठरवलं ते तुम्ही विसरला नसालच. हा सामना जो हरेल, त्याच्याकडे सासूबाई पुढचं अख्खं वर्ष राहतील. कल्पना तुमची होती, मी फक्त मान डोलावली. तेव्हा माझा संघ या अवस्थेला कसा पोचला, हे तुम्हाला कळायला हवं.

मुळात या खेळाच्या नादी मला तुम्हीच लावलंत. इंटरनेटवरचा बास्केटबॉल, म्हणजे चेंडूला हात लावायचा नाही की घाम गाळायचा नाही, आपण नुसते संघाचे मालक. दर आठवड्याला सगळ्या पोरांना मिळून एकच कौशल्य शिकवायचं: बचाव, पास, ड्रिब्लिंग, रिबाउंड, लांबचा नेम, फ्री थ्रो, यातलं काय ते निवडा आणि गप्प बसा. शनिवारी संगणकच सामना खेळतो आणि त्याची हकीकत छापून दाखवतो. मला वाटलं, यात काय मोठं? उभा जन्म मी लोकांना गाडी शिकवण्यात घालवला आहे. डावं-उजवं न कळणाऱ्यांना मी चौकातून सुखरूप वळवलं आहे, मग ही तर संगणकातली पोरं.

तिथंच घोड्याने पेंड खाल्ली. माझ्याकडे पहिला धडा ब्रेकचा असतो. ज्याला थांबता येत नाही त्याला सुटण्याचा अधिकार नाही, हे माझं तत्त्व. त्यामुळे मी आठवड्यामागून आठवडे पोरांना बचावच शिकवला. समोरचे थांबले हे खरं, पण आमचेही थांबले. कुणीच कुणाला पुढे जाऊ देईना, आणि आमच्यातला एखादा चुकून बास्केटखाली पोचलाच तर पुढे काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नसे. तिकीट काढून आलेले संगणकातले प्रेक्षक मध्यंतरातच उठून गेले. (त्यांना जायला घरसुद्धा नसतं, तरी गेले.)

मग मी खांबाकडे वळलो. खांब म्हणजे आमचा सात फुटी गडी. त्याचं खरं नाव उच्चारताना जीभ वळत नाही, म्हणून मी ठेवलेलं हे नाव. जाणकार म्हणतात, उंच खेळाडूला रिबाउंड शिकवा, म्हणजे नेम चुकून उडालेला चेंडू तो वरच्या वर पकडेल. मी म्हटलं, माळ्यावरचा डबा काढायला उंच माणसाची कुणी शिकवणी लावतं का? ते त्याला येणारच. जे येत नाही ते शिकवावं. रिव्हर्सला घाबरणाऱ्याला मी आठवडाभर रिव्हर्सच देतो. तेव्हा खांबापायी सगळ्यांनाच ड्रिब्लिंग. पण त्याच्या हातून निघालेला चेंडू जमिनीला टेकून परत वर येईपर्यंत एवढा वेळ जायचा की मधल्या मधे कुणीही यायचं आणि भाजी उचलावी तसा उचलून न्यायचं.

अशा पडत्या काळात एका दुपारी चहाचा कप घेऊन सासूबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. तो उंच मुलगा एवढा हिरमुसलेला का दिसतो, असं त्यांनी विचारलं. संगणक सगळ्यांचे चेहरे तसेच काढतो, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्या बसल्या. त्या दिवसापासून खुर्ची त्यांची आणि स्टूल माझं. तुम्हाला ठाऊकच आहे, हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्या मुख्य सिस्टर होत्या. मोठमोठे डॉक्टर त्यांच्यासमोर हात वर करून उभे राहत (धुतलेले असत म्हणून, पण दिसायला शरण आल्यासारखेच). त्यांनी निकाल दिला की पोरांना पास शिकवायचा. कापणारा मोठा नाही, वेळेवर त्याच्या हातात कात्री देणारा मोठा, असं त्यांचं म्हणणं.

झालं! आमची पोरं इतकी देणारी झाली की घेणारा सापडेना. याने त्याला दिला, त्याने खांबाला दिला, खांबाने पुन्हा याला. दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करणाऱ्या पाहुण्यांसारखं चाललेलं असताना नेम धरायची मुदत संपायची आणि चेंडू समोरच्यांना मिळायचा. मी काकुळतीला येऊन लांबचा नेम शिकवू या म्हटलं. त्या म्हणाल्या, फ्री थ्रो. फुकट मिळतंय ते आधी घ्यायला शिकावं. पण भाऊ, फ्री थ्रो मिळायला समोरच्याने आपल्याला धक्का मारावा लागतो. मागताक्षणी चेंडू देणाऱ्याला कोण कशाला धक्का मारेल? पुढच्या आठवड्यात पोरं दमली आहेत म्हणून त्यांनी सगळ्यांना नुसता व्यायाम दिला. आम्ही यावर इतके भांडलो की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तुमची मेहुणी म्हणते, तुम्ही दोघं भांडायला लागल्यापासून घर भरल्यासारखं वाटतं.

असो. ताईंना नमस्कार, पोरांच्या पाठीवर धपाटा, आणि उरलेला लोभ तुम्ही आपसात वाटून घ्यावा.

आपला,
धाकटा साडू (संघमालक, नावापुरता)

ता. क. माझी दया येऊन शनिवारी तुम्ही तुमचे नेमबाज बसवून ठेवणार आहात, असं ताई फोनवर म्हणाल्या. हात जोडतो, असलं काही करू नका. सगळे उतरवा. गेल्या शनिवारी आमची पोरं कशी कोण जाणे, जिंकली, आणि मी हे पत्र लिहायला घेतलं. भाऊ, मला हरायचं आहे. त्या तुमच्याकडे आल्या तर मी भांडू कुणाशी? स्टुलावर बसून कंबर गेली, पण ती रिकामी खुर्ची माझ्याने बघवणार नाही. खेळातल्या निरोपपेटीचा पासवर्ड त्यांनी बदलला आहे, म्हणून हे कागदावर. त्यांना कळता कामा नये.

पुन्हा ता. क. मोठे जावईबापू, अनेक आशीर्वाद. पाकीट चिकटवायला धाकटीने माझ्याकडेच दिलं. पैज मला त्याच दिवशी कळली होती. गॅलरीला लागून खिडकी आहे, आणि मी बहिरी नाही. मला इथंच राहायचं होतं, म्हणून हरावं या हिशेबानेच खुर्चीत बसल्यापासून पोरांना नको ते शिकवलं. नुसत्या कात्र्या देत बसलं तर ऑपरेशन होत नाही, एवढं मला कळतं. पण खांबाचं हरणं आता बघवत नाही. तेव्हा धाकटे गाडी शिकवायला बाहेर पडले की मी त्याला रिबाउंड शिकवते आहे. पोरगा फार गुणी आहे. तुमचे नेमबाज सगळे उतरवा, मागाहून सबब नको. शनिवारी तुमचा धुव्वा उडवणार आहे. पण सामान बांधणार नाही.