नाव घातलेले मीटर

नाशिक, मंगळवार, ९ मार्च १९९९. दुपारचा पाऊण वाजला आहे. शेठ जेवायला गेले आहेत आणि मी मीटरच्या वायरी गुंडाळता गुंडाळता हे लिहायला घेतले आहे.

तीर्थरूप गोटीराममामा यांना समाधानचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? इगतपुरीला अजून रात्रपाळी लागते का? मामींचा खोकला थांबला असेल असे धरून चालतो. इकडे आम्ही दोघे बरे आहोत, म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, पण तिची तब्येत चांगली आहे.

सिन्नरचे स्थळ तुम्ही सुचवलेत, तुमच्या शब्दावर त्या लोकांनी आम्हाला बोलावले, आणि रविवारी मी तिथे काय केले ते आईने तुम्हाला फोनवर सांगितलेच असेल. ते सगळे खरे आहे. फक्त मी मुद्दाम केले असे तिला वाटते, ते खरे नाही, म्हणून हे पत्र.

माझे काम तुम्हाला माहीत आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतून आणि निवृत्त वायरमनांकडून व्होल्टेज मोजायची जुनी मीटर येतात, सुनीलशेठ ती विकत घेतात आणि किंमत मी करतो. आयटीआय अर्ध्यावर सोडलेल्या माणसाला तेवढे एकच नीट येते. काटा शून्यावर बसतो का, मागे सेल फुटून गंज चढला आहे का, फ्यूजच्या जागी कोणी साधी तार पिळून ठेवली आहे का (बहुतेकांनी ठेवलेली असते), हे बघायचे आणि आकडा सांगायचा. शेठचा एक नियम आहे. आकडा सांगताना विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, नाहीतर पन्नास रुपये जास्त जातात. हा नियम दुकानापुरता होता. तो मी सिन्नरला घेऊन गेलो.

पोहे झाले होते. मुलीला, म्हणजे मोहिनीबाईंना, विचारायचे दोन प्रश्न मी पाठ करून गेलो होतो, त्यातला एक विचारूनही झाला होता (उत्तर चांगले होते). तेवढ्यात तिचे वडील, धोंडीरामकाका, आत गेले आणि टॉवेलात गुंडाळलेले एक मीटर घेऊन आले. कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या वायरमनांनी वर्गणी काढून दिलेले, काट्याचे, चांगल्या कंपनीचे. लग्नात द्यायच्या घागरीवर घालतात तसे त्याच्या मागच्या पत्र्यावर भांड्यांच्या दुकानातून नाव घालून आणलेले होते: धोंडीरामभाऊ यांस मित्रांकडून सप्रेम भेट. काका म्हणाले, "समाधानराव, बाजारात काय मोल होईल याचं? खरं सांगा. सोयऱ्यासारखं गोड नका सांगू."

मामा, त्यांना विकायचे नव्हते हे आता मला कळते. पण मला कोणी किंमत विचारली की मी कुठे बसलो आहे ते विसरतो. मी म्हणालो, तीनशे. नाव नसते तर सहाशे. नाव घातलेले मीटर घेणाऱ्याला चोरीचे वाटते, म्हणून ते निम्म्यावर येते. हे बोलताना मी नियमाप्रमाणे मीटरकडेच बघत होतो, त्यामुळे काकांचा चेहरा मला दिसला नाही. आईने मला चिमटा काढला, तो मला डास वाटला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. पण काटा मला जरा अडल्यासारखा वाटला, म्हणून मी खिशातले माझे मीटर काढले (हो, मुलगी बघायला जाताना मी मीटर नेले होते) आणि दोन्ही एकाच प्लगमध्ये लावून पाहिली. माझ्यात दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, त्यांच्यात एकशे अठ्ठ्याऐंशी. मग मी मागचा पत्रा खोलला. स्क्रू घरंगळू लागले तसे मोहिनीबाईंनी पोह्यांची रिकामी बशी पुढे केली, काही न विचारता. इतकी समज मी शेठमध्येही पाहिलेली नाही. आत बघताच दोष सापडला. काटा केसाएवढ्या टोकावर तोललेला असतो, आणि नाव घालायच्या यंत्राने पत्रा इतका थरथरला होता की ते टोकच चेपले होते. म्हणजे भेट मिळाली त्या दिवसापासून मीटर चुकीचे दाखवत होते. आनंदाने मी तसे मोठ्याने सांगितले.

मग दारात उभ्या असलेल्या लताबाई, म्हणजे मोहिनीबाईंच्या आई, म्हणाल्या, "मंजे मिक्सर चालला असता?"

मग त्यांच्या बोलण्यातून मला सगळे समजले. काका निवृत्त झाले त्याच महिन्यात मिक्सर घेतला होता. काकांनी मीटर लावून व्होल्टेज कमी आहे, मोटार जळेल, असे ठरवले आणि मिक्सर खोक्यातच राहिला. लताबाई सहा वर्षे पाट्यावर वाटत होत्या. काका गल्लीतही लोकांना व्होल्टेज सांगायचे, लाइनमन आला की त्याच्याशी भांडायचे. लताबाई काकांकडे बघत म्हणाल्या, "माझे हात गेले वाटून वाटून, अन् हे रोज काटा बघू राहिले."

काकांनी माझ्याकडे बघितले नाही. एवढेच म्हणाले, "मिस्तरी, झाकण लावा आता."

आलो तेव्हा समाधानराव होतो. मी झाकण लावले, पण स्क्रू तीनच सापडले. सतरंजी उचलून सगळ्यांनी शोधले, काकांनीसुद्धा. निघताना दारात मोहिनीबाईंनी मला हळूच विचारले, "चाळीस मिळवून वाचलं तर नाही का चालणार बाबांना?" मामा, यावर हो म्हणायचे होते. मी म्हणालो, सगळ्या आकड्यांवर फरक चाळीसच असेल असे सांगता येत नाही.

एसटीत आई एकच वाक्य बोलली: "मुलगी बघायला गेलास आणि मीटर बघून आलास." त्यानंतर गप्प आहे. मला या स्थळाची आशा नाही. तुमचा शब्द खाली पडला, त्याची क्षमा असावी.

आपला,
समाधान

ता. क. चौथा स्क्रू माझ्या शर्टाच्या खिशात निघाला. आईने धुताना काढून माझ्या ताटाशेजारी ठेवला.

पुन्हा ता. क. दुकानात काकांच्यासारखेच एक मीटर पडून होते, बिननावाचे. किंमत मीच सहाशे केली होती. शेठनी मला ते सहाशेलाच दिले, आणि सांगताना माझ्या तोंडाकडे बघितले नाही. त्यातले काट्याचे यंत्र मी काढून ठेवले आहे. ते काकांच्या मीटरच्या पेटीत बसते आणि पत्र्याला, म्हणजे नावाला, हात लावावा लागत नाही. तर तुम्ही त्यांना एवढेच विचारावे, की समाधान एकदा येऊन मीटर उघडू शकेल का. दुसरा विषय काढू नये. त्यांनी काढला तर मात्र टाळू नये. आणि मिक्सर खोक्यातून निघाला का, तेही जमल्यास कळवावे.

खर्च: एसटी, दोघांचे जाऊन येऊन, ४८. पेढे ५०. पाकीट ३.
देणे: सुनीलशेठ ६००, पगारातून. धोंडीरामकाका, एक स्क्रू. तो पोस्टाने पाठवता येईल, पण बारीक आहे, वाटेत हरवेल.