चांगुलपणाची तपासणी

६ ऑक्टोबर
डोकं फिरलंय. मातीसूत ब्रँडचे कुर्ते तीन वर्षं कासा गावातल्या माझ्या खोलीत शिवले जातात. तेव्हा कुणी काही विचारलं नाही. आता म्हणे मुंबईहून मॅडम येणार, बायांना नीट वागवतात का, कापडाचा कचरा कुठे जातो ते बघणार. पास झाले तर दिवाळीनंतरची मोठी ऑर्डर. नापास तर माल बंद. मला नापास करणार! चौथीत मास्तरांनी केलं तेवढं बस झालं.

७ ऑक्टोबर
ठरवलं. आजपासून कुणावर ओरडायचं नाही.
सकाळी ९.२०. पाड्यावरून शिवायला येणारी शुक्री उशिरा. म्हणे जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर सोडत नाही. ओरडले. उद्यापासून नक्की.

९ ऑक्टोबर
फॉर्म आला. शितलनं वाचून दाखवला. माझी मुलगी, बारावी झालीय, सहाव्या मशीनवर तीच बसते. घरचीच, तिला कशाला पगार?
प्रश्न, कामगारांना सुट्टी देता का? देते. दुसऱ्या मशीनवरची लाडकी न विचारता कापणीला चार दिवस गेली, ती सुट्टीच की.
प्रश्न, चिंध्यांचं काय करता? एक चिंधी वाया जात नाही. सगळ्या बंबात घालते, घरभराचं आंघोळीचं पाणी तापतं. शितल म्हणाली, आई, हे नको लिहू, धूर किती होतो. म्हटलं, लिही गुपचूप. एवढी काटकसर मुंबईत कोण करतं?

११ ऑक्टोबर
सराव घेतला. मी मॅडम झाले. चष्मा लावून खुर्चीत बसले. शुक्रीला विचारलं, संडासला कधी जाता? म्हणाली, जेवल्यावर, बाय चावी देते तेव्हा. चूक! वाटेल तेव्हा जातो, असं सांगायचं. परत विचारलं. बरोबर बोलली. शाबास म्हणतेय तोवर लाडकी उठून चालायला लागली. कुठे गं? तर म्हणते, बाय, सराव करून येते.
सगळ्या खदाखदा हसल्या. शितलसुद्धा. अशा बायांसाठी मी जीव काढते. चावी माझ्या कमरेलाच बरी.

१३ ऑक्टोबर
औषधाची पेटी आणली, भिंतीला ठोकली. कुलूप लावलं, नाहीतर पट्ट्या दोन दिवसांत संपवतील. आता काय काढतील चूक?

१४ ऑक्टोबर, दुपार
आली. निलम मॅडम. पहिलं काय विचारावं? दाराला बाहेरून कडी कशाला? म्हटलं, कुत्री येतात. म्हणाली, मग आतून लावा. वर मलाच म्हणाली, ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा. माझ्याच खोलीतून मला बाहेर! प्रत्येकीला कागद दिला, नाव लिहायचं नाही, नुसती खूण करायची. मी खिडकीशी उभी राहिले. तिनं खिडकी लावली.
पायरीवर बसून हे लिहितेय. रागच आलाय. भीती कसली? लाडकीच्या पोराला ताप आला तेव्हा हॉस्पिटलात कोण घेऊन गेलं? मीच. अर्धा दिवस कापला, पण तो नियम आहे.

१७ ऑक्टोबर
मॅडमचा फोन. नापास.
कशात, विचारलं. म्हणाली, कडी, कुलूप, चिंध्या, हे सुधारता येईल ताई. पण शेवटचा प्रश्न होता, तुमच्या मुलीला इथे कामाला पाठवाल का? सहा कागद, सहाही कागदांवर ‘नाही’ला खूण. सहा महिन्यांनी परत विचारू, तोवर माल येणार नाही.
मी खूप बोलले. म्हटलं, हे शुक्रीचं काम. एका पाड्यावरच्या बाया, एकमेकींचं बघूनच खुणा करणार. फोन आपटला.
मग मोजल्या. पाड्यावरच्या पाचच.
शितल आत चहा ठेवत होती. विचारलं नाही. तिला कुठे मुलगी आहे? अजून लग्नसुद्धा नाही. प्रश्न तिला लागूच नव्हता, उगाच खूण केली.