चुकांच्या एकेचाळीस वह्या

मी, खाली सही करणारी, वय शहात्तर, निवृत्त गणित शिक्षिका, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरं माणूसच नाही. डोकं ठिकाणावर आहे. खात्रीसाठी सकाळी एकोणतीसचा पाढा उलटा म्हणून पाहिला, एकदाच अडखळले.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या बहिणीच्या मुलाला मिळाव्यात. तो दर रविवारी फोन करतो, "मावशी, जेवलीस ना?" विचारतो आणि काय जेवले ते सांगायच्या आत ठेवतो. राग नाही, त्याच्या मागे व्याप आहेत. अट एकच. बाहेरच्या खोलीतली एक भिंत काळी रंगवून मी तिचा फळा केला आहे, ती वर्षभर तशीच राहू द्यावी. निवृत्तीपासून मी तिथे रोज एक गणित घालते आणि संध्याकाळी मीच सोडवते. शेवटचं अर्धं राहिलेलं आढळलं तर भाच्याने ते पूर्ण करावं. चुकलं तरी चालेल, पण बसून करावं.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक शाळेला द्यावी. तिच्यातून दर वर्षी पहिल्याच महिन्यात प्रत्येक मुलाचे डोळे तपासावेत आणि ज्याला लागेल त्याला चष्मा द्यावा. माझ्या नावाची पाटी लावण्यात एक पैसाही घालवू नये. डोळेच का, ते कलम ५ मध्ये येईल.

कलम ३. लाकडी कंपास, मोठा गुण्या, तराजू आणि बटणांचा पत्र्याचा डबा, आज चौथीचा वर्ग जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे असेल त्या शिक्षकांना द्यावा. बटणं शिंप्याच्या दुकानातली आहेत. माझी शाळा चौथीत सुटली आणि मी तिथे बटणं लावायला बसले. शिंपी म्हणायचा, "पोरी, हात चालव, ओठ नको." माझे ओठ हलत ते बाराचा पाढा पाठ होत होता म्हणून, बटणं डझनाने यायची. पुढे मागून आणलेल्या पुस्तकांवर बाहेरून परीक्षा दिल्या. मला कोणी शिकवलं नाही, म्हणूनच मूल शिकतं कसं याचं मला जन्मभर कुतूहल. डबा कपाटात बंद करू नये. बटणं मुलांच्या खिशातून घरी गेली तर जाऊ द्यावीत.

कलम ४. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी. मला पाहिलं की अजून गल्ल्यावरून उठून उभा राहतो. लहानपणी त्याचं ठाम मत होतं की पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा, कारण चार दोनापेक्षा मोठे. आता माझी रक्तदाबाची गोळी बरोबर अर्धी करून देतो. त्याला मी काहीच ठेवत नाही, कारण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं वकिलांनी बजावलं आहे. हे ऐकून तो म्हणाला, "बाई, तुम्ही मला भरपूर दिलंय. छड्या धरून." छडी मी कधी हातात घेतली नाही. ती भिंतीपलीकडे, शेजारच्या वर्गात असायची.

कलम ५. माझ्या एकेचाळीस वह्या. मूल चुकलं की मी उत्तर खोडत नसे. "कसं केलंस, सांग बघू," विचारायची आणि त्याने सांगितलेलं तसंच्या तसं वहीत उतरवायची. चूक ही मुलाच्या डोक्यात शिरायची खिडकी आहे, असं मी नव्या शिक्षकांना सांगत आले आणि आजही मानते.

शेजारच्या वर्गावरच्या बाईंना हे पटत नसे. त्या पाढे इतके घोकून घ्यायच्या की माझ्या बाजूचा गिलावा पडायचा. मी त्यांना भिंतीपलीकडच्या बाई म्हणायचे, त्या मला चुकांची सावकारीण.

एकोणीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगी होती. फळ्यावर तीन असला की वहीत आठ लिहायची. विचारलं तर म्हणाली, "बाई, तीन एका बाजूने उघडा होता, म्हणून बंद केला." मी हरखून गेले. तिची अशी उत्तरं लिहिण्यात अर्धी वही भरली. एक दिवस भिंतीपलीकडच्या बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. "तिला फळा दिसत नाहीये. डोळे किती बारीक करते, बघा तरी."

"माझ्या वर्गात डोकावू नका," मी म्हणाले.

पुढच्या वर्षी तिला चष्मा लागला. मी तिला विचारलं, मग ती कारणं? "तुम्हाला आवडायची ना," ती म्हणाली, "म्हणून सांगायचे."

अख्खं वर्ष मी त्या पोरीला शिकवलं नाही, तिचं कौतुक केलं. त्यानंतर मी नवी वही सुरू केली नाही. भिंतीपलीकडच्या बाई मला एका शब्दाने टोचून बोलल्या नाहीत आणि तेच मला सोसलं नाही. त्या चार घरं सोडून राहतात. एकोणीस वर्षं आम्ही समोरासमोरच्या फुटपाथवरून जातो.

सर्व वह्या त्यांना द्याव्यात. शेवटच्या वहीत मी लिहिलं आहे: चूक माझी, बरोबर तुम्ही. हे माझ्यामागे त्यांना कळावं.

~~कलम ५.~~ वरील कलम रद्द. कारण लिहून ठेवते.

दुसरा साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे भाडेकरू येणार होते, ते परगावी अडकले. औषधवाला म्हणाला, "आणतो कोणालातरी," आणि भिंतीपलीकडच्या बाईंना घेऊन आला. त्या जिना चढून धापा टाकत बसल्या. मी कागदच पुढे केला.

त्यांनी कलम ५ दोनदा वाचलं. "एकोणीस वर्षं लागली उत्तर काढायला?"

"उदाहरण अवघड होतं," मी म्हणाले.

"सही कुठे करू?"

"इथे. पण सही केलीत तर वह्या मिळणार नाहीत. साक्षीदाराला देता येत नाही."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही गेल्यावर मिळून काय करू त्यांचं? भांडायचं कोणाशी?"

सबब सर्व वह्या आज, मी जिवंत असताना, हातोहात दिल्या. पहिल्या दोन त्यांनी पिशवीत घातल्या. बाकीच्या वाचून होतील तशा त्या स्वतः येऊन नेणार आहेत. एका वेळी दोनच, जिना झेपत नाही म्हणाल्या.

खोडलेल्या मजकुरापाशी तिघांच्या सह्या आहेत.

ठिकाण: माझी बाहेरची खोली, फळ्यासमोर
दिनांक: सात तारीख, मंगळवार, दुपारी चार

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) औषधाच्या दुकानाचे मालक
२. (सही) निवृत्त शिक्षिका, शेजारचा वर्ग. फळ्यावरच्या आजच्या गणितात तिसऱ्या ओळीत हातचा राहिला आहे. गुरुवारी बघू.